आमरस वर्षभर टिकवा : साखर न घालता बाटलीत भरण्याची घरगुती रीत



वैशाखात एक दिवस असा येतो की सगळ्या घराची धांदल उडते. सकाळपर्यंत झाडाला लगडलेला आंबा संध्याकाळच्या वळवाच्या वाऱ्यात निम्मा खाली येतो. उरलेला आठ-दहा दिवसांत एकदमच पिकतो. अख्ख्या गावाचा आंबा एकाच वेळी पिकला म्हणजे बाजारात भाव पडतो. मग दोन्ही वेळा रस, पाहुण्यांना रस, शेजाऱ्याला पाटीभर आंबे, आणि तरीही आढीतला काही माल सडून उकिरड्यावर जातो. पुढे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा त्याच घरात आंब्याचा डबा दुकानातून विकत आणावा लागतो!

हे टाळता येते. पिकलेल्या आंब्याचा रस घरच्या घरी बाटल्यांत भरून ठेवता येतो. त्याला साखरही घालावी लागत नाही. मात्र यात एक नियम असा आहे की तो चुकला तर नुसता रस वाया जात नाही, जिवावरही बेतू शकते. म्हणून ही पत्रिका आधी शेवटपर्यंत वाचा, मगच भगोणे चुलीवर चढवा.

साखर नाही, तर रस टिकतो कशाने?

आपल्या मनात पक्के बसलेले असते की गोड पदार्थ साखरेच्या पाकानेच टिकतो. मुरंबा, साखरांबा, जॅम यांच्या बाबतीत ते खरेही आहे. त्यांच्यात साखरेचे प्रमाण इतके दाट असते की जंतूंना जगायला लागणारे पाणीच मोकळे राहत नाही. लोणचे टिकते ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांनी. आंब्याची पोळी टिकते ती उन्हात पाणी उडून गेल्यामुळे.

बाटलीतला रस टिकतो तो तीन गोष्टींनी : उष्णतेने आतले जंतू मारले जातात, घट्ट झाकणामुळे बाहेरचे नवे जंतू आत येत नाहीत, आणि आंबटपणामुळे, उष्णतेला दाद न देणारे जे काही बीजाणू शिल्लक राहतात, त्यांना वाढता येत नाही. या तिघांत साखरेचे काम काहीच नाही. साखर घातली तर चव आणि रंग थोडा बरा राहतो इतकेच.

ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समधील निकोला आपेर नावाच्या हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, आणि अन्न महिनोन् महिने टिकते हे दाखवून दिले. १८१० साली त्याला सरकारने १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. हे का होते याचे कारण मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. जंतूंचा हा खेळ पुढे लुई पाश्चर यांनी उलगडून दाखवला.

सफरचंदाची रीत आंब्याला जशीच्या तशी चालत नाही

थंड मुलखात घरोघरी सफरचंदाचा शिजवलेला गर असाच बिनसाखरेचा बाटल्यांत भरतात. सफरचंद शिजवायचे, गाळायचे, बाटलीत भरायचे, बाटली उकळायची, झाले. आता मोबाइलवर अशा कृती पाहून काही भगिनी त्याच पद्धतीने आंबा भरू लागल्या आहेत. इथेच धोका आहे.

माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ हा शब्द आपण पाहिलेला असतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. फळाचाही सामू असतो. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सफरचंदाचा सामू साधारण ३.३ ते ४ असतो, म्हणजे ते मुळातच पुरेसे आंबट. आंब्याचे तसे नाही. कैरी फार आंबट असते, पण आंबा जसजसा पिकतो तसतशी त्याची आंबट कमी होते. चांगला पिकलेला गोड आंबा ४.६ या आकड्याच्याही वर जाऊ शकतो.

हा ४.६ चा आकडा फार महत्त्वाचा आहे. मातीत एक जंतू असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. हवा नसलेल्या बंद बाटलीत, सामू ४.६ च्या वर असेल तर, ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने होणाऱ्या रोगाला ‘बोटुलिझम’ म्हणतात. त्यात आधी डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि पुढे श्वास अडखळतो. वाईट गोष्ट अशी की असे विष असलेल्या पदार्थाला दर वेळी वास येतोच असे नाही. म्हणून ‘वास घेऊन पाहिला, चांगला होता’ या भरवशावर राहू नये.

यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे : रसात लिंबूसत्त, म्हणजेच सायट्रिक ॲसिड घालणे. सरबतात घालतात तेच. १ किलो रसाला ५ ग्रॅम. हे प्रमाण कमी करू नये.

कोणता आंबा घ्यावा?

मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचा रस दाट, केशरी आणि बिनरेषांचा असल्याने बाटलीसाठी तो उत्तम. पण बांधावरचा गावरान आंबाही चालतो. त्याला रेषा जास्त म्हणून रस गाळून घ्यावा लागतो, एवढेच. गावरान आंब्यात एका झाडाचा रस साखरेसारखा तर शेजारच्या झाडाचा आंबट. म्हणून ‘आमचा आंबा आंबटच आहे’ असे म्हणून लिंबूसत्त टाळू नका.

फळ पूर्ण पिकलेले पण टणक असावे. वाऱ्याने पडलेले, नुसता मुका मार लागलेले फळ त्याच दिवशी खाऊन टाका. सडलेले, बुरशी आलेले, अळी पडलेले फळ बाटलीसाठी मुळीच घेऊ नका. ‘खराब भाग कापून टाकला’ हे खाण्यापुरते ठीक, साठवणीला नाही. मृगाचा पाऊस लागला की फळमाशीचा त्रास वाढतो, म्हणून हे काम पावसाआधीच उरका. आंबा गवताच्या किंवा तणसाच्या आढीतच पिकवा. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे.

साहित्य

१. स्टीलचे मोठे भगोणे, रस तापवण्यासाठी. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे भांडे नको. आंबट रसाने भांडे कळकते, रस काळवंडतो.

२. आणखी एक खोल भांडे, बाटल्या उकळण्यासाठी. बाटली पूर्ण बुडून वर दोन बोटे पाणी राहील इतके खोल हवे.

३. अर्धा लिटरच्या, रुंद तोंडाच्या, जाड काचेच्या बाटल्या. तडा गेलेली, काठ उडालेली बाटली बाजूला काढा. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी बाटली घेऊ नका. दाट रसाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो.

४. आतून रबरी थर असलेली पत्र्याची नवी झाकणे. बाटली पुन्हा वापरता येते, झाकण नाही. सगळ्या खर्चात झाकणाची काटकसर सर्वांत महाग पडते.

५. लिंबूसत्त. चमच्याचा अंदाज नको. किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो. तिथेच ५-५ ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या. एक किलो रसाला एक पुडी, हिशेब सोपा.

६. लांब दांड्याचा सराटा, चाळणी किंवा मलमलचे फडके, बाटल्या उचलायला चिमटा, घड्याळ.

हिशेब असा मांडा

२० किलो आंब्यापासून जातीप्रमाणे साधारण १० ते १२ किलो रस निघतो. १० किलो धरला तर लिंबूसत्त ५० ग्रॅम, आणि अर्ध्या लिटरच्या जवळपास २० बाटल्या लागतील. पहिल्या खेपेला मात्र ५ किलो आंब्यांवरच हात बसवा. एका सकाळी जेवढा उरकेल तेवढाच रस काढा. काढलेला रस उन्हाळ्यात तासा-दोन तासांतच आंबायला लागतो.

कृती

१. आदल्या दिवशी बाटल्या गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन ठेवा. कामाच्या दिवशी त्या पाण्यात बुडवून १५ मिनिटे उकळा आणि भरेपर्यंत त्याच गरम पाण्यात राहू द्या. थंड बाटलीत उकळता रस ओतला की काच तडकते.

२. आंबे दोन-तीन पाण्यांनी धुवा. देठ काढून चीक पूर्ण निथळू द्या. देठाजवळची माती नीट घासून काढा. वर सांगितलेला जंतू मातीतच असतो.

३. हात साबणाने धुवा. आंबे पिळून किंवा कापून गर काढा. कोय धुतलेले पाणी रसात घालू नका. रस गाळून वजन करा.

४. वजनाप्रमाणे लिंबूसत्त थोड्या रसात विरघळवून सगळ्या रसात घाला आणि तळापासून चांगले ढवळा. एका कोपऱ्यात आंबट, दुसऱ्या कोपऱ्यात गोड असे राहता कामा नये.

५. रसात दूध, तूप, वेलची, मीठ काहीही घालू नका. जे काही घालायचे ते बाटली उघडल्यावर.

६. रस मध्यम आचेवर ठेवा आणि सतत ढवळा. दाट रस खाली लागतो आणि उकळताना त्याचे थेंब अंगावर उडतात. पोरांना लांब ठेवा. उकळी फुटली की ५ मिनिटे तसाच उकळू द्या.

७. रस कढत असतानाच बाटलीत भरा. वर अर्धा इंच जागा मोकळी सोडा. स्वच्छ, उकळलेली सुरी काठाने फिरवून आतले हवेचे बुडबुडे काढा. बाटलीचा काठ स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा. काठावर रसाची एक रेष राहिली तरी झाकण बसत नाही. झाकण हाताने बसेल तितके लावा, जोर करून पिळू नका.

८. खोल भांड्याच्या तळाशी लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा जाड कापडाची घडी घाला. बाटली तळाला थेट टेकली तर फुटते. भांड्यात गरम पाणी घेऊन भरलेल्या बाटल्या उभ्या ठेवा. पाणी झाकणांच्या वर दोन बोटे हवे.

९. पाणी खळखळून उकळायला लागले की मगच घड्याळ पाहा. तेथून ३५ मिनिटे. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून तीनशे-चारशे मीटर उंच आहे. इथे पाणी १०० अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते. म्हणून नेहमीच्या ३० मिनिटांत ५ मिनिटे जादा धरली आहेत. मध्येच उकळी थांबली, चुलीचा जाळ कमी झाला, तर पुन्हा उकळी आल्यावर वेळ पहिल्यापासून मोजा. वरून पाणी घालावे लागले तर उकळतेच घाला.

१०. बाटल्या चिमट्याने काढून गोणपाटावर किंवा लाकडी फळीवर ठेवा. शहाबादी फरशीवर, वाऱ्याच्या झोतात किंवा पंख्याखाली ठेवू नका. त्या आपोआप निवू द्या. एक रात्र हलवू नका, झाकण पुन्हा आवळू नका.

झाकण बसले की नाही, कसे ओळखावे?

बाटली निवताना आतली वाफ आकसते आणि झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी मधोमध बोटाने दाबून पाहा. झाकण खोलगट असून हलले नाही तर ते बसले. दाबल्यावर टकटक वाजून वरखाली झाले तर ते बसले नाही. अशी बाटली लगेच फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रीज नसेल तर झाकणाची तपासणी रात्री निजण्यापूर्वीच करा, न बसलेल्या बाटलीतला रस तेव्हाच पुन्हा उकळा आणि नव्या झाकणाने पूर्ण ३५ मिनिटांची क्रिया पुन्हा करा.

प्रत्येक बाटलीवर तारीख आणि झाडाचे नाव लिहून चिकटवा. ‘विहिरीवरचा’, ‘बांधावरचा शेंद्री’ असे लिहिले तरी पुरे. पुढच्या वर्षी कोणत्या झाडाचा रस चांगला उतरला ते कळते.

बाटल्या अंधाऱ्या, गार, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी, चुलीजवळ नको. मातीच्या भिंतीच्या माळवदाच्या घरातील खालचा कोनाडा यासाठी फार चांगला. पत्र्याच्या घरात पलंगाखाली, पोत्याने झाकून ठेवा. रस पुढचा आंबा येईपर्यंत, म्हणजे वर्षाच्या आत संपवा. वरचा थर थोडा तपकिरी झाला तर तो हवेचा परिणाम असतो. पण झाकण पक्के असेल तरच असे समजावे.

उघडताना चार गोष्टी पाहा

झाकण फुगलेले आहे का? कडेने रस पाझरला आहे का? उघडताना रस फसफसून वर येतो का? बुरशी किंवा आंबूस वास आहे का? यातील एकही गोष्ट दिसली तर चव घेऊन पाहू नका. बोटाला लावूनसुद्धा नाही. तो रस गुरांना, कुत्र्यांना, कोंबड्यांना घालू नका. लांब खोल खड्ड्यात पुरून टाका आणि हात धुवा. एक बाटली गेल्याचे दुःख एका दिवसाचे असते. खाणाऱ्याला एकाचे दोन दिसणे, गिळायला त्रास होणे असे काही झाले तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

चांगली बाटली उघडल्यावर रसाला थोडी आंबट झाक लागेल. खाताना चवीपुरता गूळ घाला. गरम दूध एकदम ओतू नका, फाटेल. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

काही शंका

*लिंबूसत्ताऐवजी लिंबू पिळले तर?* नको. प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो. वजनाचे लिंबूसत्तच घ्या.

*कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिल्या तर?* शिट्ट्यांवरून बाटलीच्या आत किती उष्णता पोचली ते कळत नाही. शिवाय कुकर उघडताना बाटली फुटण्याची भीती. उकळत्या पाण्याचीच रीत धरा.

*आंबटपणा तपासता येतो का?* येतो. रसायने विकणाऱ्या दुकानात सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. लिंबूसत्त घातलेल्या रसाचा सामू ४.२ च्या खाली यायला हवा. नाही आला तर किलोला आणखी २ ग्रॅम घालून पुन्हा पाहा.

*हीच रीत दुसऱ्या फळांना चालेल का?* सगळ्यांना नाही. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, त्याला ही रीत मुळीच नको. केळी, पपई, चिकू यांचा आंबटपणा फार कमी. ही फळे घरी बाटलीत भरू नका. दूध घातलेला रस तर कधीच भरू नका.

*बिनसाखरेचा म्हणजे मधुमेह असलेल्यांना चालतो?* असा गैरसमज करून घेऊ नका. वरून साखर घातली नसली तरी आंब्याची स्वतःची साखर आहेच. शंभर ग्रॅम रसात ती साधारण १२ ते १५ ग्रॅम असते. घरातल्या मधुमेहाच्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच वाटी भरावी.

*विकता येईल का?* घरापुरते करणे वेगळे आणि विकणे वेगळे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय बाटली विकू नये. बचत गटाने हा उद्योग करायचा असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्न तंत्र महाविद्यालयात जाऊन आधी नीट शिकून घ्यावे.

पाच गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा

चांगले फळ. किलोला ५ ग्रॅम लिंबूसत्त. नवे झाकण. खळखळत्या पाण्यात ३५ मिनिटे. शंका आली की फेकून द्या.

भगिनींनो, हे काम एकटीचे नाही. जावा-जावा, सासू-सुना मिळून करा. एकीने रस काढावा, एकीने ढवळावे, एकीने घड्याळ सांभाळावे. आणि बंधूंनो, जाळ लावणे आणि उकळत्या पाण्याचे जड भांडे उतरवणे हे तुमच्याकडे. मग महालक्ष्म्यांच्या ताटात वाटीभर रस वाढताना तो कोणत्या झाडाचा, हे घरातले लहान पोरसुद्धा सांगेल.